मानाचा घाव

करुणाला त्या सकाळी सपाटून भूक लागली. एखाद्याचं वाटोळं करायला निघालेल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, असं ती ऐकून होती. पण तिनं दोन भाकरी, पिठलं आणि वर फोडलेला कांदा चांगला चवीनं खाल्ला, हात धुतले आणि बारामतीच्या स्टँडवर सहाची इंदापूर गाडी धरली. पुढच्या बाकांवर हिरेवाले बसले होते. ती मागं कोऱ्यांच्या बाकावर बसली. मांडीवर पत्र्याचा डबा होता, त्यात लाखेच्या कांड्या, चिमटा आणि स्पिरिटचा दिवा. आज इंदापूरच्या बाजारमैदानावर ऐरण मांडणार होते आणि ऐरणीवर हिरा बसवायचं काम तिचं होतं.

आता हे हिऱ्याचं काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि कालव्याचा ताबा रत्नमंडळाकडं गेला. मंडळात शहाणी माणसं होती. शहाणी माणसं एकत्र बसली की काय होतं ते आपण जाणतोच. त्यांनी ठरवलं, पाणी माणसामागं नाही, एकरामागंही नाही, पाणी हिऱ्यामागं. घरात जितक्या रतींचा हिरा, तितके तास पाणी, दर पाळीला. हिरा अंगठीत घालून उजव्या हातात मिरवायचा. मग त्या नियमाला शेपटं फुटत गेली. गाडीत कुठं बसायचं ते हिऱ्यावर, शाळेत कुणाचं नाव आधी पुकारायचं ते हिऱ्यावर. कचेरीत सही चालेना, अंगठीचा ठसा लागे. ज्याच्या बोटात हिरा नाही तो कोरा. कोऱ्याची साक्ष कुणी कागदावर घेत नसे. तो कितीही घसा फोडून ओरडला तरी कायद्याच्या हिशेबी तो बोललेलाच नसे.

करुणाचा बाप ज्ञानदेव हा कळंबच्या बौद्धवाड्यातला. मंडळाला सुरुवातीला कालव्याचं अस्तर करायला माणसं हवी होती, तेव्हा जो सात वर्षं राबेल त्याला हिरा, असा करार झाला. शंभर जण कामावर लागले, सात वर्षं टिकले अकरा. ज्ञानदेवाला तीन रतींचा हिरा मिळाला. त्याच्या बायकोनं, तुळसानं, तो दिवसभर मुठीत धरून ठेवला आणि भाकऱ्यासुद्धा डाव्या हातानं थापल्या.

"जन्मानं मापून झालं, आता दगडानं मापत्यात," ज्ञानदेव म्हणाला. "मापायला ह्यांना कायतरी लागतंयच."

म्हणाला खरा, पण अंगठी घातली. तीन तासांच्या पाण्यावर त्यानं दोन एकर ऊस असा उभा केला की रस्त्यानं जाणारा सायकलवरून उतरून बघे.

तो ऊस एका माणसाच्या डोळ्यात कुसळासारखा सलायला लागला. तो माणूस म्हणजे हिंदुराव. सगळे त्यांना आबा म्हणत. अठरा रतींचा हिरा, अठरा तास पाणी, पाची बोटं तुपात. पण शेजारच्या बांधावर बौद्धवाड्यातला माणूस स्वतःच्या पाण्याचं दारं धरतो, हे काही त्यांच्या पचनी पडेना. आणि पचत नसलेलं ओकायला मंडळानं सोय करून ठेवली होती. तिचं नाव ऐरण.

खरा हिरा घणाला हार जात नाही, असं आपल्याकडं लहान मूलही सांगेल. मंडळानं तेवढ्यावरच कायदा केला. दसऱ्यानंतरच्या बाजारच्या दिवशी इंदापूरला ऐरण मांडायची. कुणालाही दुसऱ्याच्या हिऱ्याचा संशय आला तर त्यानं त्या हिऱ्यावर घाव मागावा. हिरा टिकला तर मागणाऱ्याचं वर्षभराचं पाणी बंद. हिरा फुटला तर ती काच होती, घर कोरं झालं, आणि त्याचं पाणी मागणाऱ्याला. साधा सरळ न्याय! लोकांना तो फार आवडे, कारण तो डोळ्यांना दिसे आणि कानांना ऐकू येई.

पंच्याऐंशी साली हिंदुरावांनी ज्ञानदेवाच्या हिऱ्यावर घाव मागितला. ज्ञानदेव हसतच ऐरणीपाशी गेला. त्याला कसली भीती, हिरा मंडळानंच दिलेला! अकरा वर्षांची करुणा आईचा हात धरून पुढं उभी होती. घण पडला आणि हिऱ्याच्या दोन फाका झाल्या.

"खरा हाय वो!" ज्ञानदेव ओरडला. "मंडळाचा हिरा हाय. सात वर्सं राबून घेतलाय!"

"ज्याचा फुटतो तो असंच म्हणतो," हिंदुराव म्हणाले, आणि मैदान खो खो हसलं.

त्या दिवसापासून ज्ञानदेवाचं नाव काचवाला पडलं. मंडळाला फसवून खरा हिरा विकला आणि अंगठीत काच बसवली, असा वहीत शेरा गेला. ऊस जळाला. पुढच्या वर्षी ऐन उन्हाळ्यात तुळसानं कालव्यात एक घागर बुडवली. हिंदुरावांच्या राखणदारानं घागरीवर काठी हाणली, तुळसा अस्तरावर डोक्यावर पडली आणि उठली नाही. ते अस्तर तिच्याच नवऱ्यानं घातलेलं होतं. हिंदुराव मयताला आले नाहीत. पारावर बसून एवढंच म्हणाले, की काचेच्या घरात पाणी टिकत नाही. ते वाक्य गावानं तोंडपाठ केलं. ज्ञानदेव पोरीला घेऊन सांगवीला गेला आणि दुसऱ्याच्या रानात राबायला लागला. त्या दिवसानंतर तो फार कमी बोलायचा.

करुणा सोळाव्या वर्षी बारामतीच्या हिरे घासायच्या कारखान्यात लागली. हिरे घासायला कोरीच माणसं ठेवत. हिरेवाल्याला हिऱ्याचा मोह पडतो म्हणे. तिथं तिला शिकवायला मानसिंग होता, साठीचा, बोटं लाखेनं काळी पडलेला. वर्षातून एकदा तो ऐरणीवर हिरा बसवायला इंदापूरला जाई. पोरीचा हात बघून त्यानं तिला हाताखाली घेतलं. दोन वर्षांनी एका दुपारी त्यानं एक कच्चा हिरा भिंगाखाली धरला आणि सहज सांगून गेला.

"सरपण फोडताना काय बघतीस? लाकडाची रेघ. हिऱ्याला बी तशी रेघ असती. आडवा ठिवला आन् खाली बोटभर लाख घातली, तर घण मारून दमशील. रेघंवर ठिवून नुसती टिचकी दिली, तर दोन फाका."

करुणाचं चाक फिरत राहिलं. तिनं विचारलं, "खरा हिरा फुटतो?"

"फुटतो की."

"मग पंच्याऐंशीला कळंबच्या ज्ञानदेवाचा फुटला, तो?"

मानसिंगनं तोपर्यंत तिच्या बापाचं नाव कधी विचारलं नव्हतं. आता तिच्या तोंडाकडं बघताच त्याला कळलं. त्यानं भिंग खाली ठेवलं.

"म्या बसवला," तो म्हणाला. "हिंदुरावांनी सांगितला तसा. रेघ वर, खाली लाख न्हाय. माझी दोन पोरं त्यांच्या पाण्यावर जगत हुती, करुणे. आन् त्या फाका बी मीच घासल्या. त्यांच्या सुनंच्या कुड्यात हायेत त्या. उत्कर्षाबाईंच्या. अडीच रती भरल्या."

चाक समोर फिरत होतं. म्हाताऱ्याचं तोंड त्यावर दाबून धरावं असं करुणाला वाटलं, अगदी स्वच्छ वाटलं. पण एका मानसिंगचं तोंड घासून काय मिळणार होतं? तिनं हात पदराला पुसला आणि म्हणाली, "मामा, मला बसवायला शिकवा. आडवा बी आन् उभा बी."

मानसिंगनं शिकवलं. तीन वर्षं शिकवलं, अंधारात बोटानं चाचपून रेघ सांगता येईपर्यंत. त्यानं तिला कारण विचारलं नाही, आणि हिंदुरावांना मात्र सांगून ठेवलं, की पोरीला नुसतं लाखेचं काम येतं, रेघेतलं तिला काही कळत नाही. पापाचं ओझं कुठंतरी उतरवायचं असतं माणसाला. पंच्याण्णवला त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले आणि काम करुणाकडं आलं.

ती कोरी. कोऱ्याला घाव मागता येत नाही. मग हिंदुरावांचा हिरा ऐरणीवर यायचा कसा? तर तो दर वर्षी आपल्या पायानं येत असे. ऐरणीचा पहिला घाव मानाचा, आणि तो मान आबांचा. तालुक्यातला सगळ्यांत मोठा हिरा स्वतःहून ऐरणीवर ठेवायचा, घण खायचा, हिरा सुखरूप बाहेर काढून चारी दिशांना दाखवायचा. लोक टाळ्या वाजवत, हलगी कडाडे. मग दिवसभर गरिबांचे हिरे फुटत राहत आणि कुणाला शंका येत नसे, कारण आबांचा तर टिकला! हा मान त्यांनी स्वतःच भांडून मिळवला होता. बढाईखोराचं असंच असतं, फास दुसऱ्याला विणायला सांगायचा आणि माप आपल्या गळ्याचं द्यायचं.

पहिल्या वर्षी मानसिंग शेजारी बसला होता. करुणानं हिरा नीट आडवा बसवला, खाली बोटभर लाख घातली. हिंदुराव खूश झाले. "काचवाल्याची पोर हाय, पण हात गुणाचा हाय," म्हणाले आणि तिला खण दिला. त्या खणाचं फडकं करून तिनं वर्षभर लाख पुसली.

यंदा मानसिंग घरी होता. आणि यंदा तिनं बापाला निरोप धाडला होता, की इंदापूरला या. अकरा वर्षं ज्ञानदेव इंदापुरात फिरकला नव्हता. काय करणार आहे, हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो आला नसता असं तिला वाटायचं. तिला एकच हवं होतं. ज्या वहीत बापाच्या नावापुढं काच लिहिलं होतं, ती वही ठेवणाऱ्यांसमोर हिंदुरावांच्या तोंडून तिला ऐकायचं होतं, की ज्ञानदेवाचा हिरा खरा होता.

मैदान दहा वाजताच भरलं. ट्रकवाले हायवेला गाड्या लावून आले होते. मधोमध ऐरण, तिच्यामागं मंडळाच्या साहेबांचा तंबू. बिरदेव लोहार घणावर हात टेकून उभा होता. तो फक्त घण मारायचा, कशावर मारतोय ते बघायचा नाही. गर्दीच्या कडेला, कोऱ्यांच्या दोरीपलीकडं, करुणाला बापाचं पांढरं मुंडासं दिसलं.

हिंदुराव आले. मागं चाळीस माणसं. मुलगा युवराज, सून उत्कर्षा, तिच्या कानात त्या कुड्या. करुणानं त्यांच्याकडं एकदाच पाहिलं. तेवढं पुरलं.

अंगठी तिच्या हातात देताना हिंदुराव म्हणाले, "नीट बसव गं. मागल्या सालासारखा."

"त्याहून नीट बसवते, आबा."

तिनं चिमट्यानं हिरा सोडवला. दिव्यावर लाख तापवली, आणि खाली घालायची ती बाजूलाच घातली, दिसायला भरपूर, कामाला काही नाही. हिरा बोटांत फिरवला. रेघ लागली. तिनं ती आभाळाकडं केली, दोन्ही बाजूंनी लाख दाबली आणि फुंकर मारली. तिला आतून इतकं गार वाटलं, की ऑक्टोबरचं ऊनसुद्धा जाणवेना.

"झालं," ती म्हणाली आणि मागं सरकली.

बिरदेवानं घण उचलला. हलगीवाल्यानं टिपरी वर धरली. घण पडला आणि बारीक, कोरडा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा. हिऱ्याची एक फाक ऐरणीवर राहिली. दुसरी उडून साहेबांच्या बुटाशी गेली.

हलगीवाल्याची टिपरी तशीच वर राहिली. मैदानाला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मग कुणीतरी म्हणालं, "काच!" आणि तो शब्द गवताला आग लागावी तसा मागं मागं पसरत गेला.

"खरा हाय!" हिंदुरावांचा आवाज चिरकला. "हिरा फुटतो! रेघ असती त्याला! हिनं उभा बसवला! अरं, खरा हिरा बी फुटतो रं!"

कोऱ्यांच्या दोरीशी सिंधुबाई नावाची एक म्हातारी बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा अर्ध्या रतीचा हिरा याच ऐरणीवर फुटला होता. ती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "ज्याचा फुटतो तो असंच म्हणतो, आबा."

मैदान हसलं. अकरा वर्षांपूर्वी हसलं होतं, त्यापेक्षा जास्त हसलं, कारण मोठं झाड पडताना आवाज मोठा होतो. करुणालाही हसू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. हिंदुराव ओरडतच राहिले, आणि जितके ओरडले तितकी लोकांची खात्री पटत गेली. खरा हिरा फुटत नाही, हे त्यांनीच दर वर्षी लोकांना दाखवून दाखवून शिकवलं होतं!

साहेब घाबरले. त्यांनी दोन्ही फाका अगदी जपून रुमालात बांधल्या. काचेचे तुकडे इतके जपून बांधलेले कुणी पाहिले नसतील. मग त्यांनी हिंदुरावांना आणि करुणाला तंबूत नेलं. करुणा दारातच थांबली.

"माझे आप्पा येतील संगं. त्याबिगर मी आत येत न्हाय."

ज्ञानदेवाला दोरीपलीकडून आणलं. तो आत आला, उभाच राहिला. तंबूत चौघंच होती.

हिंदुरावांचा घसा बसला होता. ते साहेबांना म्हणाले, "मला कोरा केला, तर मी गप बसणार न्हाय. ऐरणीवर कुणाकुणाचे हिरे कसे फोडले आन् फाका कुठं गेल्या, समदं बोलीन. मंडळाची लाज वेशीला टांगीन."

साहेबांनी कपाळ पुसलं, वही उघडली आणि एक कलम शोधून काढलं. हिरा बसवणाऱ्यानं चूक कबूल केली, तर घाव बाद धरता येतो. बसवणारा कोरा असला तरी ऐरणीच्या दिवशी त्याचा अंगठा चालतो.

"तू अंगठा दे, की हिरा चुकून उभा बसला," ते करुणाला म्हणाले. "आबांचा घाव बाद. तुझं काम जाईल, पण मी तुला रिकाम्या हातानं पाठवत नाही. मानसिंगकडूनही तशीच चूक झाली होती असं आबा लिहून देतील, म्हणजे तुझ्या वडिलांचाही घाव बाद होईल. शेरा खोडू. तीन तास पाणी परत मिळेल. ऐरण आहे तशी राहील, बोभाटा नको. दोन नोंदींचा तर प्रश्न आहे."

"चुकून?" करुणा म्हणाली. "मामांनी चुकून बसवला हुता, आबा?"

हिंदुरावांनी मान फिरवली.

"आधी खरं बोला. मग अंगठ्याचं बघू."

बाहेर लोक अजून हसत होते. हिंदुरावांनी ते ऐकलं, आणि सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळसुद्धा थोडा सैल झाला. "म्या सांगितलं हुतं मानसिंगला," ते म्हणाले. "ज्ञानदेवरावांचा हिरा खरा हुता. मला ठावं हुतं."

ज्ञान्याचे ज्ञानदेवराव व्हायला अकरा वर्षं लागली, आणि एक घण.

करुणाच्या कानात ते शब्द पडले आणि तिचे पाय एकदम हलके झाले. हेच हवं होतं. आता अंगठा उठवला की वहीतही येईल, आणि बाप मरताना काचवाला म्हणून मरणार नाही. पण अंगठा उठवला की हाही सुटेल. अठरा तासांचं पाणी पुन्हा याच्या उसात जाईल, पुढच्या दसऱ्याला पुन्हा मानाचा घाव होईल. तिनं शाईच्या डबीकडं हात नेला आणि तो मधेच थांबला. बापाचं नाव परत घेतलं तर सूड सुटत होता, आणि सूड घेतला तर बापाचं नाव जात होतं. इतकी वर्षं तिनं फक्त हिऱ्याची रेघ शोधली होती. ही दुसरी रेघ तिला दिसलीच नव्हती.

"अंगठा दिऊ नगं," ज्ञानदेव म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. तो तंबूत आल्यापासून पहिल्यांदा बोलत होता.

"आप्पा, तुमचं नाव..."

"मला ऐकायचं हुतं ते म्या ऐकलं. वहीचं काय करू? वही बी त्यांचीच."

"ज्ञानदेवराव, असं करू नका," हिंदुरावांनी हात जोडले. "तुमाला पाणी मिळंल. तीन न्हाय, पाच तास दितो. माझ्यातलं."

"घेतलं असतं की," ज्ञानदेव म्हणाला. "पण ते घागरीत भरून आणायला तुळसा कुठंय?"

हिंदुरावांनी जोडलेले हात खाली घेतले आणि त्यांचा जुना आवाज परत आला. "मग मी भाईर जाऊन समदं सांगतो! मंडळ बुडंल, आन् ही पोर बी बुडंल!"

"सांगा की," करुणा म्हणाली. तिचा हात शाईपासून मागं आला होता आणि आता तिला काही म्हणजे काही अडचण वाटत नव्हती. "घसा फाटस्तवर सांगा, आबा. कोऱ्याचं कोण लिहून घेतंय?"

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. मंडळाचा कायदा मंडळाच्या साहेबांना एका कोऱ्या पोरीनं समजावून दिला होता. त्यांनी दौतीत टाक बुडवला, हिंदुरावांच्या नावापुढं काच असं लिहिलं, वर टिपकागद दाबला आणि वही मिटली. रुमाल त्यांच्या खिशात होताच.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. सकाळच्या चाळीस माणसांतलं एक उरलं नव्हतं. युवराज बायकोच्या कानातल्या कुड्या वाचवायला तिला जीपमध्ये घालून कधीच कळंबच्या रस्त्याला लागला होता. हिंदुराव एकटेच मैदान ओलांडून हिरेवाल्यांच्या नळापाशी गेले. ओरडून ओरडून त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. नळावरच्या माणसानं तोटीवर हात ठेवला.

"अंगठी दावा, आबा."

त्यांनी सवयीनं हात पुढं केला. अंगठीत नुसतं भोक होतं.

"ह्याच्यात हिरा न्हाय," नळवाला म्हणाला. त्यानं मान खाली घातली होती, पण तोटीवरचा हात काढला नाही.

कोरी माणसं घरूनच पाणी घेऊन येत. दोरीपलीकडं लिंबाच्या सावलीत ज्ञानदेव पितळी तांब्या घेऊन बसला होता, शेजारी करुणा. हिंदुराव तिथं आले. ते काय मागणार हे दिसत होतं, पण मागायला त्यांना वेळ लागला.

"ज्ञानदेवा, पाणी दे बाबा."

करुणा उठून उभी राहिली. एक थेंब देऊ नका, असं तिच्या ओठांवर आलं होतं. ज्ञानदेवानं तिला हातानं थांबवलं आणि तांब्या घेऊन स्वतः उठला. त्याच्या बापाला गावच्या विहिरीवर पाणी मिळायचं ते वरून; देणारा वर उभा, पिणारा खाली बसलेला आणि मधे हातभर अंतर. छप्पन्न साली घरानं धम्म घेतला, तेव्हापासून त्यांच्यात कुणी कुणापुढं असा बसला नव्हता.

"वंजळ धरा, हिंदुराव," ज्ञानदेव म्हणाला.

हिंदुराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. मग धुळीत उकिडवे बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. ज्ञानदेवानं तांब्या छातीपर्यंत उचलला, मग कपाळापर्यंत, मग हात पोचेल तितका वर. आणि बारीक धार सोडली. अर्धं पाणी ओंजळीत पडत होतं, अर्धं कोपरांवरून ओघळून मातीत जात होतं. दोरीजवळची सगळी कोरी माणसं उठून बघत होती. कुणी हसत नव्हतं.

"बास?"

हिंदुरावांनी मान हलवली.

"मग सरका बाजूला. माझ्या पोरीला तहान लागली असंल."

करुणानं बापाच्या हातातून तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि गटागटा उरलेलं सगळं पाणी प्याली. हिंदुराव खाली बसून बघत होते.